जांभळा खण

आईच्या शिवणाच्या कपाटाला तीन फळ्या होत्या. वरच्या फळीवर शिवायला आलेली कापडं असत, प्रत्येक घडीच्या पोटात त्या त्या बाईचा मापाचा ब्लाऊज गुंडाळलेला. मधल्या फळीवर तयार कपडे, हूक लावून, इस्त्री फिरवून. खालच्या फळीपुढे जुन्या लुगड्याचा पडदा होता आणि तिला हात लावायचा नाही अशी मला आणि बाबांना सक्त ताकीद होती. घरात आम्ही तिघंच, आणि बाबा शाळेच्या कचेरीतून आले की वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसत, म्हणजे ती ताकीद खरं तर माझ्या एकटीसाठीच होती. मी ती कॉलेजात जाईपर्यंत पाळली आणि एका दुपारी मोडली. आत्मकथन म्हातारपणी लिहावं असा रिवाज आहे. माझे केस आत्ता कुठे पिकायला लागलेत, पण हे प्रकरण म्हातारपणापर्यंत अंगावर वागवायची माझी तयारी नाही. म्हणून आत्ताच लिहिते.

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात एका रंगरेजाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी सहालाच खाली त्याचं पाणी उकळायला लागे आणि त्या दिवशी जो रंग असेल त्या रंगाचं पाणी जिन्यासमोरच्या नालीतून वाहत जाई. शाळेत जाताना मी नाली बघून ओळखायची, आज कुणाकडे लग्न आहे. त्याच्या भट्टीचा फुसफुसाट, कोपऱ्यावरच्या हलवायाच्या कढईत डाळ भरलेली बेडई सोडल्याचा चर्र आवाज, आणि या सगळ्यावर आईचं मशीन. आई स्वयंपाकसुद्धा मशीनच्या तालावर करायची. कुकर लावला की एक बाही, आमटीला उकळी येईपर्यंत दोन्ही खांद्यांची शिवण. आमची चिंचगुळाची आमटी त्यामुळे एक दिवस पातळ, तर एक दिवस चमचा उभा राहील इतकी घट्ट. कुणाची बाही अवघड होती हे आम्हाला ताटात कळायचं. बाबा त्यावरून चिडवत. आमचे पूर्वज तलवारी घेऊन दक्षिणेतून इथे आले, असं ते पाहुण्यांना छाती काढून सांगायचे, आणि आई आतून म्हणायची, तलवारी गेल्या कुठे कुणास ठाऊक, घर सुईनंच चाललंय.

आई टेपनं माप घेत नसे. बायका अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाऊज आणून देत आणि आई त्यावरून कापायची. पण तिचं खरं माप डोळ्यांत होतं. बाई जिना चढून वर आली की आई तिच्याकडे एकदा बघे आणि मापाच्या ब्लाऊजपेक्षा अर्धा इंच जास्त किंवा कमी धरी. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं घरी भांडण होऊन अन्न तुटलंय, हे तिला त्या बाईच्या सासूच्या आधी कळायचं. कळायचं आणि तिथेच थांबायचं. मी खोदून विचारलं तर ती तोंडातली टाचणी न काढता मान हलवायची. एकदाच मला बसवून म्हणाली होती, "दुसऱ्याचं कापड हातात आलं म्हणजे दुसऱ्याचं अंग हातात आलं, मंजू. त्याची गोष्ट नाही करायची." तेव्हा मला हे जुन्या बायकांचं बोलणं वाटलं होतं.

हरिशंकरपुरम कॉलनीतल्या काळेकाकू आईकडे माझ्या जन्माच्या आधीपासून येत. उंच, सरळ बसणाऱ्या, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात शिस्तीनं खुर्च्या मांडून घेणाऱ्या बाई. मला त्या गणित शिकवायच्या, फुकट, आणि चुकलं की कान धरायच्या. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्याच्या आदल्या दिवाळीला त्या इंदूरला जाऊन पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन करून आल्या होत्या. सगळ्यांना तेवढंच माहीत होतं. आल्यावर त्या वाळलेल्या दिसल्या आणि त्यांना पदर डाव्या खांद्यावरून पुढे ओढून धरायची सवय लागली होती. त्या आमच्याकडे दुपारी येऊ लागल्या, मी कॉलेजात असताना. कधी मी लवकर आले तर आतल्या खोलीचं दार बंद असे आणि आई आतून म्हणे, खालून गरम बेडई घेऊन ये ग. मी आनंदानं जाई. बेडईपुढे मला बंद दारांचं कुतूहल नव्हतं.

मला कुतूहल होतं फोनचं. त्या दोन-तीन वर्षांत आईकडच्या बायका कमी होत चालल्या होत्या. सराफ्याच्या अंगाला दोन बुटीक उघडली होती, काचेच्या दारांची, आणि जिना चढून येणाऱ्या नव्या मुली हातात मोबाईल धरून म्हणत, "काकी, ऐसा बॅक चाहिए, बनेगा क्या?" आई चष्मा कपाळावर घेऊन त्या चित्राकडे बघायची, बोटांनी मोठं करायला जायची आणि चित्र पळून जायचं. मुली हसायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त आईची लाज वाटायची. हेही लिहूनच टाकते, लाजेची मोजदाद करायचीच तर ती इथून सुरू होते. मी हट्ट धरून घरात स्मार्टफोन आणवला. आईच्या नावानं सगळं उघडून दिलं, तिचा मशीनवर बसलेला फोटो लावला. तिला टाइप करणं जमेना. आवाजाचा निरोप मात्र जमला. ती माइकचं बटण दाबून बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून बोलायची, "मी जाधव बोलून राहिले, खासगी बाजारातून, ब्लाऊज तयार आहे," आणि पाठवून झाल्यावर समोरच्या बाईनं ऐकलं असेल का म्हणून खिडकीतून खाली बघायची.

पण ती शिकली, आणि हळूहळू तिला त्यात गंमत वाटायला लागली. पुण्याच्या एका मुलीला शिवलेली नऊवारी हवी होती. आईनं तिला व्हिडिओवर उभं केलं, फिरायला लावलं, कंबरेवर तिचाच हात ठेवायला लावला, आणि तीन वेळा "अजून प्रकाशात ये ग" म्हणून माप डोळ्यांनीच घेतलं. लुगडं पार्सलानं गेलं आणि मुलीचा नेसलेला फोटो आला. आई तो फोटो आठवडाभर बघत होती. शहरातल्या मराठी बायकांचा एक मोठा ग्रुप होता, त्यात मी तिच्या नावानं फोटो टाकायचे आणि खाली बायका काय काय लिहायच्या, ते तिला वाचून दाखवायचे. आईची एकच अट होती. ज्या बाईचं कापड, तिला आधी विचारायचं. मी हो म्हणायचे, विचारायचेही, आणि मनात म्हणायचे की अशानं आपण बुटीकवाल्यांच्या पुढे कधी जाणार.

त्या चैत्रात मंडळातल्या एका घरी नव्या सुनेची पहिली चैत्रगौर होती. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या, सगळं रीतीप्रमाणे. सुनेच्या माहेराहून पाच खण आले होते, पाच मोठ्या सवाष्णींसाठी, पाचांचे रंग वेगळे. ओटीत कुणाला कुठला येतो यावर खूप चेष्टा चालली होती. कोणाला तरी पोपटी आला आणि तिनं तोंड वाकडं केलं. काळेकाकूंना जांभळा आला, हिरव्या काठांचा, आणि सगळ्या जणी एकदमच म्हणाल्या की हाच सगळ्यांत चांगला. काकू हसून म्हणाल्या, नेहाच्या साखरपुड्याला हाच शिवून घालते. नेहा त्यांची मुलगी. तिचा साखरपुडा वैशाखात ठरला होता. घरी परत येताना शेअरच्या टेंपोत आई म्हणाली, किती दिवसांनी हसली बाई.

तो खण आमच्याकडे आला तो सरळ खालच्या फळीवर गेला. आई त्यावर आठ-दहा दिवस बसली होती, मी कॉलेजात असेन तेव्हा. नेहमीच्या ब्लाऊजला तिला अर्धा दिवस पुरतो, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं. त्यातच एका दुपारी ती नेहाच्या साखरपुड्याच्या घागऱ्याचं फिटिंग बघायला काकूंकडे गेली. फोन चार्जिंगला लावलेला राहून गेला. मी घरी होते, परीक्षेच्या सुट्टीत. ग्रुपवर त्या दिवशी सकाळीच एका बुटीकनं सहा डिझाइन्स टाकली होती, मॉडेलच्या अंगावर, आणि खाली कौतुकाची रांग लागली होती. माझं डोकं फिरलं. आईचं सगळ्यांत चांगलं काम पडद्यामागे पडून राहणार आणि या लोकांचं धेडगुजरी शिवण जग बघणार. मी पडदा बाजूला केला.

जांभळा ब्लाऊज तयार होता. मी तो खिडकीत पाटावर पसरला आणि समोरून फोटो काढला. मग उलटा केला, कारण आईच म्हणायची, ब्लाऊज उलटा केल्यावर शिवणारी कळते. आत मलमलचं अस्तर होतं, टाके मोजावेत इतके सारखे, आणि डाव्या बाजूला आतून एक मोठा, गोलसर, तोंडाशी दुमडलेला खिसा. मी खूश झाले. बायका पैसे, किल्ल्या, आता फोनसुद्धा ब्लाऊजमध्येच खुपसतात, आणि आईनं त्यासाठी इतकी सुबक सोय काढली आणि मला सांगितलंसुद्धा नाही. मी दोन्ही फोटो टाकले आणि खाली लिहिलं की आतून चोरखिसा, फक्त जाधवकाकूंकडे. काकूंना विचारायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. विचारलंच नाही.

पहिल्या दहा मिनिटांत जे झालं ते त्या फोनवर कधीच झालं नव्हतं. अंगठे, हृदयं, "मेरे भी दो बनवा दीजिए", नागपूरहून एक चौकशी. मी फोन हातात धरून खोलीत फेऱ्या घालत होते. आणि मग मंडळातल्या एका बाईंनी लिहिलं, "हा जांभळा खण काळेकाकूंचा ना? पण खिसा एवढा मोठा आणि डावीकडेच का बरं?"

मी पुन्हा पडद्यामागे हात घातला. ब्लाऊज होता तिथेच एक छोटी मलमलची उशी होती. मी ती तळहातावर घेतली. आतून मोहरी सरकली. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली आपण ठेवतो तशी मोहरीची उशी, पण आकार वेगळा, एका बाजूला फुगीर, आणि नुसत्या कापसाला येत नाही असं वजन असलेली. मी ती खिशाजवळ नेली. नेमकी बसली. पित्ताचे खडे, डाव्या खांद्यावरून ओढलेला पदर, बंद दार आणि गरम बेडई, सगळं एका क्षणात जागच्या जागी आलं. इंदूरला खडे नाही, काकूंचा डावा स्तन काढला होता. मी गणितात काकूंचीच शिष्या.

इथवर जे झालं त्याला चूक म्हणता येईल. वर्षानुवर्षं मी सगळ्यांना गोष्ट इथवरच सांगत आले. फोटो काढून टाकायला एक बोट पुरलं असतं. तो प्रश्न येऊन पाच मिनिटं झाली होती, अजून फार कुणी वाचला नव्हता. पण वरती नागपूरची बाई होती, दोन ब्लाऊज मागणाऱ्या भाभी होत्या, सकाळच्या बुटीकपेक्षा जास्त अंगठे होते. आणि माझ्या मनात आलं, ते जसं आलं तसंच लिहिते, की चोरखिशापेक्षा ही तर कितीतरी मोठी गोष्ट आहे, असं अख्ख्या शहरात कुणी शिवत नसेल. मी आईच्या नावाखाली उत्तर लिहिलं, "ऑपरेशन झालेल्या बायकांसाठीही अगदी मापात शिवून मिळेल. कुणाला कळणारसुद्धा नाही." लिहून पाठवलं. मोहरीची उशी परत जागेवर ठेवली, पडदा सारखा केला, आणि किती जणी वाचतात ते बघत बसले.

आई संध्याकाळी आली, घाम पुसला, पोह्यांना फोडणी दिली आणि मशीनवर बसली. फोन शेजारी होता. आवाजाचा एक निरोप आला तो तिनं सवयीनं मोठ्यानं लावला. मंडळातल्याच बाई, गोड गळ्याच्या. म्हणत होत्या की जाधववहिनी, काळेकाकूंसाठी तुम्ही केलंत ते फार पुण्याचं काम, आम्हाला तर पत्ताच नव्हता बिचारीला एवढं मोठं दुखणं झालंय, आम्ही आत्ताच त्यांना फोन करून धीर दिला. मशीन थांबलं. माझ्या लहानपणापासून ते मशीन शिवण संपल्याशिवाय मधेच थांबल्याचं मला आठवत नाही. मी उठले, फोन उचलला आणि आई चष्मा शोधेपर्यंत फोटो, प्रश्न, माझं उत्तर, सगळं पुसून टाकलं.

"काय टाकलंस तू?" आईनं विचारलं.

"फोटो. मला चोरखिसा वाटला, आई. मला काय पता."

वाक्य खरं होतं, म्हणूनच ते इतक्या सहज आलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतलं ते अर्धा इंच इकडेतिकडे धरणारं माप त्या दिवशी चुकलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मला मारलं असतं, बोलली असती, तर बरं झालं असतं. ती म्हणाली की चूक माझीच, मी तुला सांगून ठेवायला हवं होतं, आणि पोहे करपले म्हणून गॅस बंद करायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी हरिशंकरपुरमला गेलो. काकूंनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, पन्हं दिलं. आदल्या दिवसापासून त्यांचा फोन वाजतच होता, आमच्यासमोरही दोनदा वाजला, आणि त्यांनी तो उशीखाली ठेवला. आई खुर्चीवर बसलीच नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "पोरीला माहीत नव्हतं हो, ताई. खिसा वाटला तिला. माझ्या लेकराची शपथ घेऊन सांगते, तिला बिलकुल माहीत नव्हतं."

काकू माझ्याकडे बघत होत्या. मग आईला म्हणाल्या, "हो. तिला कसं माहीत असणार." आणि पन्ह्याचा पेला माझ्यापुढे सरकवत, "नेहाच्या सासरी मी सांगणारच होते, वहिनी. लपवून मुलगी द्यायची नव्हती मला. साखरपुडा झाला की लग्नाआधी विहीणबाई आणि मी, दोघी जणी बसून सांगायचं असं ठरवलं होतं. फक्त माझ्या तोंडानं सांगायचं होतं." मी पन्ह्याच्या पेल्याकडे बघत होते. त्या क्षणी बोलले असते तर आज हे लिहायला लागलं नसतं. मी पन्हं पिऊन टाकलं.

साखरपुडा झाला. लग्न मोडलं नाही. मुलाकडची माणसं समजूतदार निघाली, निदान तसं वागली. मुलाच्या एका आत्यानं जेवणाच्या पंगतीत हे घराण्यात आहे का असं विचारलं, एवढंच. आम्हाला बोलावणं होतं, आईनं मला नेलं. काकूंनी जांभळा ब्लाऊज घातला नव्हता. वैशाखातलं ग्वाल्हेर, पंखे गरम हवा ढकलत होते, पुरुषांनी सदऱ्यांची बटणं सोडली होती, आणि काकू पांढरी शाल अंगभर घट्ट लपेटून मुलीच्या शेजारी उभ्या होत्या. येणारी प्रत्येक बाई त्यांच्याशी बोलताना आधी डोळ्यांत बघायची, मग तिची नजर खाली जायची आणि चटकन परत वर यायची. मी ते तास-दीड तास बघितलं. काकूंच्या कपाळावरून घाम गळत होता आणि त्या शालीचं टोक सोडत नव्हत्या. त्यानंतर त्या मंडळाच्या हळदीकुंकवाला कधी आल्या नाहीत.

जांभळा ब्लाऊज आमच्या खालच्या फळीवरच राहिला. त्यांनी मागितला नाही आणि आईला तो द्यायला न्यायचा धीर झाला नाही.

आणि आता त्याहून लाजेचं. माझं ते उत्तर पुसायच्या आधी कुणी कुणी वाचलं होतं. महिन्याभरात एक बाई आली, मुरारहून, तोंडाला रुमाल बांधून. मग भिंडची एक. मग फोन यायला लागले, व्हिडिओवर बोलणाऱ्या बायका, ज्या कॅमेरा लावून आधी रडायच्या आणि मग पदर बाजूला करायच्या. आई मला खोलीबाहेर काढून दार लावून घेई आणि माप डोळ्यांनी घेई. तिचं ओरडून बोलणं बंद झालं. फोनवर हळू बोलायला ती त्या बायकांमुळे शिकली. मोहरीच्या उशीत तिनं किती सुधारणा केल्या, धुता यावी म्हणून, उन्हाळ्यात टोचू नये म्हणून. घर त्यावर उभं राहिलं. माझं पुढचं शिक्षण त्यावर झालं. आज मी घरी बसून शिवणाऱ्या बायकांना फोनवरून काम कसं मिळवायचं ते शिकवते, आणि पहिल्याच दिवशी सांगते की विचारल्याशिवाय कुणाच्या कापडाचा फोटो काढायचा नाही. बायका वहीत लिहून घेतात. ताई फार तत्त्वाच्या आहेत असं म्हणतात. मी ऐकून घेते.

गेल्या हिवाळ्यात काकूंनी मला बोलावलं. नेहाला मुलगी झाली होती, बारसं होतं, आणि काकूंना तो जांभळा ब्लाऊज हवा होता. मी घेऊन गेले. त्या आता वाकल्या आहेत, पण बसतात सरळच. त्यांनी ब्लाऊज मांडीवर घेतला, उलटा केला, आईच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. दंडात होणार नाही म्हणाल्या, आईला सैल करायला सांग. मग चहा टाकायला उठता उठता, हवापाण्याचं बोलावं तशा म्हणाल्या, "तू पुसायच्या आधी मी वाचलं होतं, त्या उत्तराखाली वेळ होती, मंजू. चार वाजून दहा मिनिटं. चार वाजून दहा मिनिटांनी तुझी आई इथे माझ्यासमोर बसून नेहाच्या घागऱ्याला टाचण्या लावत होती."

मी ब्लाऊजची घडी घालायला लागले.

"आईला मी सांगितलं नाही," काकू म्हणाल्या. "ती तुझी शपथ घेऊन बसली होती. तिला कुठे उघडं पाडायचं? पण आता माझं वय झालं. माझ्यामागे ते तुझ्या एकटीकडे राहील. बघ तुला काय करायचंय ते."

ज्या बाईची झाकलेली गोष्ट मी चव्हाट्यावर मांडली, ती माझी गोष्ट इतकी वर्षं झाकून बसली होती. मी टेंपोनं घरी आले. कुठले रस्ते गेले मला आठवत नाही.

आई मशीनवर होती. खाली रंगरेजाचा मुलगा आता दुकान बघतो, भट्टी तीच आहे. मी ब्लाऊज तिच्यापुढे ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, चार वाजून दहा मिनिटांसकट. मशीन थांबलं. आयुष्यात दुसऱ्यांदा. आईनं मला काहीच विचारलं नाही. का केलंस, एवढे दिवस का नाही बोललीस, काही नाही. ती म्हणाली, "काकूंना तेव्हापासून माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"म्हणजे मी तिथे उभी राहून खोटी शपथ घेतली," आई म्हणाली, "आणि त्या ऐकून राहिल्या."

माझ्या आईनं आयुष्यात कुणाचं गुपित फोडलं नाही आणि ती कुणाशी खोटं बोलली नाही. मी तिला दोन्हीत ओढलं होतं. ती जांभळ्या बाहीची शिवण उसवायला लागली, दोन टाके उसवले आणि थांबली. मग तिनं फोन घेतला. आता ती टाइप करते, माझ्यापेक्षा भरभर करते. पण तिनं काकूंचं नाव शोधून माइकचं बटण दाबून धरलं, पूर्वीसारखं, फोन तोंडाजवळ नेऊन. ओठ हलले. शब्द आला नाही. खालून भट्टीचा आवाज येत होता, कोपऱ्यावर कढईत काहीतरी पडलं. खूप वेळानं तिनं बोट उचललं आणि निरोप गेला. नुसता आमच्या खोलीचा आवाज.

आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळानं काकूंचं उत्तर आलं, टाइप केलेलं. "ऐकलं. दंड सैल ठेवा, खिसा आहे तसाच राहू द्या."